मदनाबतीची कबर

मुसलमान कवीनं ख्रिस्ती पाद्र्याविषयी बोलावं, याचं काही जणांना नवल वाटेल. आधी मलाही वाटलं होतं. विल्यम कॅरी हे नाव मी बी.ए.ला असताना पहिल्यांदा वाचलं, ते मराठी गद्याच्या इतिहासात. परीक्षेपुरत्या दोन-तीन ओळी होत्या. १८०५ साली मराठीचं व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, आणि हे सगळं छापलं गेलं श्रीरामपुरात. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, तर बंगालमधलं, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठावरचं. त्या ओळी पाठ केल्या, पेपरात लिहिल्या आणि विसरून गेलो.

पुष्कळ वर्षांनी कॅरीचं चरित्र हाती आलं आणि त्यातल्या एका प्रसंगापाशी मी थांबलो. १७९४ सालचा ऑक्टोबर महिना. उत्तर बंगालात माल्द्याच्या बाजूला मदनाबती नावाचं खेडं. तिथल्या निळीच्या कारखान्यावर कॅरी व्यवस्थापक होता. बंगालात येऊन त्याला जेमतेम अकरा महिने झाले होते. त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर जुलाबानं गेला. कॅरी स्वतः तापानं अर्धमेला झाला होता. पोराला पुरायचं तर पेटी करायला सुतार मिळेना, खड्डा खणायला माणूस मिळेना. परक्याच्या प्रेताला हात लावला तर जात जाईल, ही भीती. शेवटी चार मुसलमान तयार झाले. चौघं एकत्र आले, म्हणजे उद्या एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको. खड्डा झाला, पण मयत उचलायला कुणी पुढं येईना. आपणच उचलावं असं नवरा-बायकोनं ठरवलं, तेवढ्यात घरातला सफाई करणारा माणूस आणि जातीबाहेर टाकलेला एक पोरगा पुढं झाले.

आमच्याकडे जनाज्याला खांदा द्यायला ओळख लागत नाही. रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा चार पावलं खांदा देतो आणि आपल्या वाटेनं जातो. त्यामुळे त्या चौघांनी काही जगावेगळं केलं असं मला वाटलं नाही. त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली ते पुढच्या पानावर होतं. गावच्या मुखियानं त्या चौघांचं आणि त्यांच्या घरच्यांचं हुक्का-पाणी बंद केलं. त्यांच्याबरोबर कुणी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, तंबाखू ओढायची नाही. बिचारे रडकुंडीला येऊन कॅरीकडे आले. कॅरीनं मुखियाला बोलावून पहाऱ्यात बसवलं आणि या लोकांबरोबर जेवल्याशिवाय सोडणार नाही अशी धमकी दिली. तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. गरिबांसाठी तो उभा राहिला हे खरं, पण उभा राहिला तो निळीच्या साहेबाच्या अधिकारानं, हेही तेवढंच खरं. त्या चौघांची नावं काही मला त्या पानावर सापडली नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्या कामासाठी माणूस सात समुद्र ओलांडून येतो, त्यात यश येत नाही, उलट पदरी पोराची कबर येते, तरी तो तिथंच कशाच्या बळावर राहतो? आणि त्याच्या त्या राहण्याची किंमत कोण कोण चुकवतं?

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका खेड्यातला. धंदा चांभाराचा. जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. पुढं बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १७९२ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी परदेशात धर्मप्रसार करण्यासाठी एक मंडळी स्थापन केली आणि पहिला जाणारा तोच ठरला. त्या काळात ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मात हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, हा हिशेब. कॅरीकडे परवाना नव्हता. पहिल्या जहाजावरून त्याला उतरवण्यात आलं. मग एका डॅनिश जहाजानं तो १३ जून १७९३ ला निघाला आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला पोचला.

बायको डोरोथी यायला तयार नव्हती. ती गरोदर होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, गाव सोडून ती कधी लांब गेलेली नव्हती. थोरल्या मुलाला घेऊन नवरा एकटाच निघाला होता. पहिलं जहाज हुकलं, त्या मधल्या काळात ती बाळंत झाली. मग सगळ्यांनी गळ घातली आणि अखेर बहीण सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून ती काही आठवड्यांचं मूल घेऊन जहाजावर चढली. तिच्या मनाविरुद्धचा हा प्रवास पुढं तिला फार महागात पडला.

कलकत्त्यात पैसे काही आठवड्यांतच संपले. सोबती जॉन थॉमस हा डॉक्टर, मनाचा उमदा पण व्यवहाराला कच्चा, जुन्या कर्जांत रुतलेला. घरात सात तोंडं, त्यात डोरोथी आणि मुलगा जुलाबानं आजारी. मग सुंदरबनाच्या कडेला देभाटा नावाच्या जागी जंगल तोडून शेती करायचा प्रयत्न झाला. वाघांचा मुलूख तो. अखेर जॉर्ज उडनी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं निळीच्या कारखान्यावर महिना २०० रुपयांची नोकरी दिली, तेव्हा कुटुंब मदनाबतीला आलं. पाठोपाठ पीटर गेला.

इंग्लंडातून पहिली पत्रं मिळाली ती १७९५ च्या मे महिन्यात, म्हणजे निघाल्यापासून जवळजवळ दोन वर्षांनी. आपण नोकरी करून पोट भरतो, तेव्हा मंडळीनं आपल्यावरचा पैसा दुसऱ्या कामाला लावावा, असं कॅरीनं कळवलं होतं. त्यावर शाबासकीऐवजी इशारा आला की, धंद्यात पडून धर्मकार्य विसरू नका. ज्यांच्यासाठी राबायचं त्यांनीच शंका घ्यावी, यासारखा दुसरा हिरमोड नाही. बाहेरच्या शत्रूशी माणूस लढू शकतो. घरच्या शंकेपुढं त्याचे हात गळतात.

त्याच सुमाराला डोरोथीचं मन ढळलं. तिला भ्रम होऊ लागले, नवऱ्याविषयी भलभलते संशय येऊ लागले. कधी ती त्याच्या अंगावर धावून जाई. हे बारा वर्षं चाललं. पुढं श्रीरामपुरात असं दृश्य असे की, एका खोलीत कॅरी पंडितांबरोबर भाषांतराला बसलेला आणि शेजारच्या खोलीत डोरोथी ओरडते आहे. १८०७ च्या डिसेंबरात ती सुटली. कॅरीचे चरित्रकार त्याच्या धीराचं कौतुक करतात आणि ते खोटं नाही. पण मला वाटतं, निष्ठेची गोष्ट सांगताना शेजारच्या खोलीचं दार लावून घेणं बरं नव्हे. कॅरीला निदान आपण इथं का आलो हे ठाऊक होतं. डोरोथीजवळ तेवढाही आधार नव्हता.

आणि काम? काम म्हणाल तर सात वर्षांत एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झाला नाही. ज्याच्यावर सगळी आशा होती तो म्हणजे कॅरीचा मुन्शी रामराम बसू. त्यानंच कॅरीला बंगाली शिकवली, भाषांतराला मदत केली, ख्रिस्तावर पद्यरचनाही केली. आज होईल, उद्या होईल, असं वाटत असताना १७९६ साली त्याचं एक भलतंच प्रकरण बाहेर आलं आणि त्याला काढून टाकावं लागलं. कॅरी मनातून मोडला. १७९८ साली उडनीनं एक लाकडी छापयंत्र घेऊन दिलं. ते बघायला गावकरी जमले आणि ही साहेबाची मूर्ती आहे असं म्हणू लागले. देव आहे अशी पाच वर्षं ज्यानं ग्वाही दिली, त्याच्या वाट्याला गावाकडून एवढाच अर्थ आला.

कॅरीच्या रोजनिशीत या काळातली नोंद फार उदास आहे. आपण नालायक आहोत, मन कोरडं पडलं आहे, बोलायला एक मित्र नाही, हे तो पुन्हा पुन्हा लिहितो. मला हे वाचून दिलासा मिळाला. कारण निष्ठावंत माणसं खचत नाहीत अशी आपली समजूत असते. ती खचतात. कॅरी रात्री खचत होता आणि सकाळी मुन्शीला हाक मारून कालच्या ओळीच्या पुढची ओळ घेत होता. पुढं आपल्या पुतण्याला तो म्हणाला होता की, माझं चरित्र लिहिणाऱ्यानं मला चिवटपणे काम रेटणारा म्हटलं तर ते बरोबर ठरेल, त्याहून जास्त काही म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. आमच्याकडे ‘सब्र’ म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळांना गप्प सोसणं एवढाच वाटतो. सब्र म्हणजे जागेवर टिकून राहणंही.

१८०० साली चित्र बदललं. नवे सोबती आले, पण कंपनीनं त्यांना आपल्या हद्दीत राहू दिलं नाही. म्हणून सगळे डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला गेले. जोशुआ मार्शमन शाळामास्तर, विल्यम वॉर्ड छापखान्यातला माणूस, कॅरी भाषांचा. तिघांची मिळकत एका थैलीत आणि जेवण एका पंक्तीला. मार्शमनची बायको हॅना शाळा चालवी. त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला, थॉमसनं तो बसवला, ओळख वाढली आणि २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत कृष्ण पालचा बाप्तिस्मा झाला. सोबत यायचं कबूल केलेले बाकीचे ऐनवेळी मागं सरले. ज्या दिवसाची सात वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी थॉमस अति आनंदानं भ्रमिष्ट होऊन एका खोलीत कोंडलेला होता आणि डोरोथी दुसऱ्या खोलीत.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढं जाणं मला शोभणार नाही. १८०७ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून फार्सी भाषेत एक पत्रक निघालं. त्यात आमच्या पैगंबरांविषयी अपमानाचे शब्द होते. कलकत्त्यात कुजबुज सुरू झाली. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याच्या सरकारनं जाब विचारला. धर्मांतर केलेल्या एका मुन्शीनं भाषांतर करताना ते शब्द घातले, आपल्याला कल्पना नव्हती, अशी कबुली मिशनऱ्यांनी दिली आणि खेद व्यक्त केला. छापखानाच कलकत्त्याला हलवण्याचा हुकूम झाला होता. बऱ्याच विनवण्यांनंतर तो टळला.

हे वाचताना मला मदनाबतीचे ते चौघं आठवले. ज्यांनी पीटरची कबर खोदली त्यांच्या श्रद्धेवर तेरा वर्षांनी पीटरच्या बापाच्या छापखान्यातून चिखल उडाला. कल्पना नव्हती, हे मी मान्य करतो. पण आपल्या छापखान्यातून काय बाहेर पडतं हे पाहणं ही जबाबदारीच असते. आपलं काम पवित्र आहे अशी खात्री पटलेल्या माणसाला दुसऱ्याचं पवित्र दिसेनासं होतं. हा धोका सगळ्याच निष्ठावंतांना असतो, माझ्या धर्मातल्यांनाही आणि तुमच्याही.

कॅरीचा मराठीशी संबंध आला तो राजकारणामुळे. १८०१ पासून तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवत होता. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटलं आणि कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठीची गरज लागली. ते कामही कॅरीकडे आलं. त्यानं महाराष्ट्रात कधी पाऊल टाकलं नाही. त्याला मराठी शिकवली ती वैजनाथ पंडितांनी. या दोघांच्या खटपटीतून मराठीतली अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं निघाली. व्याकरण आणि मोडी लिपीतला कोश झाला, बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर झालं, मग सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेशही आले. गंमत अशी की, ज्या रामराम बसूनं कॅरीची निराशा केली होती, त्याला कॅरीनं पुढं कॉलेजात पुन्हा सोबत घेतलं. बसूनं १८०१ साली राजा प्रतापादित्याचं चरित्र बंगालीत लिहिलं आणि १८१६ साली त्याचं मराठी रूप श्रीरामपूरहून छापून निघालं. मिशनच्या वहीत जो माणूस वजा झाला होता, तो दोन भाषांच्या गद्यात जमा झाला.

मग आली ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. छापखान्याच्या कागदाच्या कोठीत आग लागली. कॅरी कलकत्त्यात होता. वॉर्डनं दारं-खिडक्या बंद करून आग कोंडायचा प्रयत्न केला, पण कुणीतरी खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि भडका उडाला. अनेक लिप्यांचे खिळे वितळले. विलायती कागद जळाला. आणि जे पैशानं परत येत नाही तेही गेलं. पंजाबी आणि तेलुगू व्याकरणांची हस्तलिखितं, रामायणाच्या भाषांतराचा भाग आणि अनेक भाषांच्या कोशासाठी वर्षानुवर्षं जमवलेले कागद राख झाले. ज्याची एखादी कवितेची वही हरवली असेल त्याला या ओळीचा अर्थ समजेल.

दुसऱ्या दिवशी कॅरी आला, जळकी जागा पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मात्र छापयंत्रं वाचली होती आणि राखेत खिळ्यांचे मूळ पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा ओतकाम सुरू झालं. हे ठसे घडवण्याची विद्या पंचानन कर्मकार या बंगाली लोहारानं तिथं रुजवली होती आणि त्याच्या मागं त्याचा जावई मनोहर ती चालवत होता. आगीतून कॅरीचं काम उठलं ते या लोहारांच्या हातांवर आणि पंडितांच्या स्मरणावर. इंग्लंडात बातमी पोचली तेव्हा नुकसानीची सुमारे १०,००० पौंडांची रक्कम दोन महिन्यांच्या आत गोळा झाली. त्या दिवसांत कॅरीनं एका पत्रात लिहिलं की, एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते.

या कथेचा शेवट गोड आहे असं समजू नका. म्हातारपणी इंग्लंडातल्या मंडळीशी मालमत्तेवरून आणि कारभारावरून वाद झाले, आणि १८२७ मध्ये श्रीरामपूरची ताटातूट झाली. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेनं संशय घेतला. वॉर्ड १८२३ मध्येच वारला होता. थोरला मुलगा फेलिक्स मिशन सोडून ब्रह्मदेशाच्या राजाच्या चाकरीला गेला होता, तोही बापाच्या आधी गेला. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारला.

मराठीतल्या त्याच्या कामाचं काय झालं? ते मागं पडलं. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नव्या कराराचं नवं भाषांतर केलं. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला आणि कॅरीचा कोश कपाटात गेला. ज्यासाठी तो आला होता तो हेतूही त्याच्या मनासारखा पार पडला नाही. बंगाल ख्रिस्ती झाला नाही. पण बंगाली गद्य उभं राहिलं, आपल्या भाषेला छापील व्याकरण मिळालं, श्रीरामपूरचं कॉलेज १८१८ साली सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला तेव्हा त्याचं बंगाली भाषांतर कॅरीकडे आलं. दिवस रविवारचा होता. त्यानं प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि लेखणी उचलली. एक दिवस उशीर झाला तर एखादी बाई जळेल, असं त्याचं म्हणणं. धर्मप्रसारकाला त्या दिवशी धर्म नेमका कुठं आहे ते कळलं होतं.

मी मराठीत लिहायला लागलो तेव्हा घरचे म्हणत, मराठीत लिहून तुला कोण विचारणार. बाहेरचे म्हणत, तुमची भाषा उर्दू ना? दोन्हीकडून दार अर्धं लावलेलं. एका मासिकाकडून माझ्या कविता परत आल्या, त्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की, आपण आपल्या समाजाविषयी लिहावं. मी पावसावर लिहिलं होतं. ती चिठ्ठी बरेच दिवस खिशात होती. कॅरीच्या दुःखापुढं हे काहीच नाही, पण अशा वेळी मला त्याच्या चिवटपणाचा उपयोग झाला. मी त्याचा धर्म घेतला नाही. रोज सकाळी कालच्या ओळीच्या पुढची ओळ घ्यायची, एवढी सवय घेतली.

कॅरीला झाडांचा मोठा नाद होता. श्रीरामपूरच्या त्याच्या बागेत कुठून कुठून आणलेली रोपं होती. १८२३ च्या पुरात तीही वाहून गेली आणि म्हाताऱ्यानं पुन्हा लावली. त्याचा मित्र रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं एका झाडाच्या जातीला त्याचं नाव दिलं. ते झाड आपल्या सह्याद्रीत जागोजागी आहे. आपण त्याला कुंभा म्हणतो. जो माणूस महाराष्ट्रात कधी आला नाही, त्याचं नाव असं आपल्या रानात उभं आहे.

पुढच्या वेळी कुंभ्याखाली बसाल तेव्हा कॅरीची आठवण जरूर काढा. पण त्याच्याबरोबर शेजारच्या खोलीतल्या डोरोथीची काढा, वैजनाथ पंडितांची काढा, मनोहर लोहाराची काढा. आणि ज्यांच्या हुक्का-पाण्यावर गदा आली, तरी ज्यांनी एका परक्या पोराला माती दिली, त्या चौघांचीही काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)